एका शिंगाची कॅसेट

नेरच्या बस स्टँडासमोर सुधाकरचं टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे. त्याच्या टेबलाखाली बिघडलेल्या रिमोटचं एक खोकं पडलं आहे. लोक म्हणतात, राहू दे, कधी कामी पडंल. कामी कोणताच पडत नाही, खोकं तेवढं भरत जाते. त्याच दुकानाच्या बाकड्यावर बसून आमचे किस्से असेच जमा झाले. मी चौथी शिकलेला माणूस, चौथीही गुरुजींनी धक्का देऊन पार करवली. लिहिण्यात चुकलो तर चुकलो. ज्याले शुद्ध वाचायचं आहे त्यानं दुसरं काही वाचावं.

बाकड्यावर आम्ही दोघं. मी देवराव, कापूस पिकवणारा. दुसरा रामधन, तांड्यावरचा. त्याचा आजा तांड्याचा नाईक होता, म्हणून यालेही सगळे नाईकच म्हणतात. आमच्यात भांडण एकच, पण चांगलं मुरलेलं. तरणे होतो तेव्हा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, माझी पोपट-बादलची जोडी अन् त्याची लाखन-तुफानची जोडी सोबत सुटली. पंचांनी नंबर नाईकाले दिला. किती फरकानं? एका शिंगानं! मी तेव्हाच सांगितलं, आजही सांगतो, शेवटच्या दोरीवर पोपटाचं तोंड आधी पोचलं.

लग्नाची शूटिंग काढणाऱ्या एका माणसानं त्या पटाची कॅसेट काढली होती. ती मी मागून आणली. करार असा झाला की दोघांनी मिळून पाहायची. ज्याची जोडी मागं दिसंल त्यानं चार लोकांत उभं राहून म्हणायचं, "तुझी जोडी पुढं होती."

एवढंच काम होतं. बैल पळाले तेवढ्या वेळात चहाही गाळून होत नाही. ते पाहायले माझं अर्धं आयुष्य गेलं.

* * *

पहिल्यांदा व्हीसीआर भाड्यानं आणला. भर दुपारी माझ्या घरात बसायले जागा नाही, एवढी माणसं. पटाच्या आधी पाहुण्यांचे सत्कार होते. कॅमेरावाल्यानं एकेक हार गाठीपासून फुंद्यापर्यंत घेतला होता. पुढं पळवा म्हटलं, तर व्हीसीआरवाला म्हणे रीळ तुटते. बसलो पाहत. सत्कार संपले, जोड्या आल्या, झेंडी वर गेली, अन् लाइन गेली.

लाइन आली तेव्हा व्हीसीआरवाला मशीन सायकलले बांधून राह्यला होता. दुसऱ्या गावात त्याची लग्नाची ऑर्डर होती. दहा मिनिटं थांब म्हणून मी त्याच्या कॅरिअरले लटकलो. त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली अन् म्हणाला, "भाऊ, सत्कार तर पाहिले ना पूर्ण?"

* * *

मग सीडी आली. यवतमाळले जाऊन कॅसेटीची सीडी करून आणली. दोन चकत्या. एकीत सत्कार, दुसरीत पट. या वेळी मी शहाणा, दुसरीच आधी लावली. झेंडी पडली, बैल निघाले, अन् अर्ध्या वाटेत बैलांचे चौकोन झाले. पांढरे, काळे, तांबडे. सगळी स्क्रीन गोधडीसारखी. बैल पळेनात, चौकोन हालेनात.

चकती काढली, धोतरानं पुसली, खोबऱ्याचं तेल लावलं, पुन्हा घातली. त्याच जागी पुन्हा चौकोन. मी दुकानदाराले शिव्या देऊन राह्यलो अन् नाईक टीव्हीजवळ जाऊन निरखून पाहते. मग त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हा माझा," तो म्हणाला. "पुढं आहे."

* * *

सीडीवाल्याकडं भांडायले गेलतो. तो म्हणे काकाजी, सीडीचा जमाना गेला, डीव्हीडी करा. डीव्हीडी केली तर घरचं मशीन ती घेईना. आत ओढते अन् जीभ दाखवल्यासारखं बाहेर काढते. नवं मशीन पाहायले गेलो तर तो दुकानदार म्हणे नुसतं मशीन कायले नेता, होम थेटर न्या. पाच डबे, एक मोठा ढोल अन् सुताच्या गुंडीएवढी वायर.

घरी आणून मांडलं. कागदावर चित्र होतं, त्यात पुढचे स्पीकर पुढं अन् मागचे स्पीकर मागं. मी जसं लिहिलं तसं केलं. पुढचे दोन ओसरीत लावले. मागचे दोन घराच्या मागं, गोठ्यात. वायर खालपर्यंत पुरंना तर तुरीच्या पेंड्या बांधायच्या दोरीनं स्पीकर आढ्याले टांगले.

लावलं. पुढं पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला अन् मागं गोठ्यात डफडं वाजलं. म्हशीनं दावं तोडलं, कुडाचं फाटक घेऊन ती थेट दारव्हा रोडले लागली. आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी तिले धरून आणलं तोवर डीव्हीडी संपून गेलती. माझी बायको सुमित्रा दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बैलांचा पट पाहणार होते ना तुम्ही?"

* * *

नंतर मशीनचा आवाजच गेला. कागदावर फोन नंबर होता, तो लावला. पंधरा मिनिटं बासरी ऐकवली. मराठीसाठी तीन दाबा म्हणे, मी दाबला, तर पोरगी हिंदीत बोलली. मीही हिंदीत सुरू झालो. माझी हिंदी ऐकून ती मराठीवर आली.

तिनं विचारलं वायर कोणत्या भोकात आहे. म्हटलं जे भोक मोकळं होतं त्यात. तिनं विचारलं मशीन चालू आहे का. म्हटलं बाई, दिवा लागला आहे. मग ती मोठ्या शांतपणानं म्हणाली, "सर, आता स्क्रीनवर काय दिसतंय ते मला सांगा."

मी नीट पाहिलं अन् खरं ते सांगितलं. "पाल."

* * *

एवढं होऊनही मी सोडलं नाही. नाईक म्हणे, मान ना बापा, पंचांनी सांगितलं ते. म्हटलं मरंन पण पाहून मरंन.

सुधाकरनं दुकानात भिंतभर स्मार्ट टीव्ही लावला, तेव्हा डीव्हीडीचा पेनड्राइव्ह करून आणला. करवंदाएवढी वस्तू, तिच्यात चार बैल अन् सगळे सत्कार. सुधाकर चहाले गेला होता. आम्ही दोघांनीच ती टीव्हीले टोचली. टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं. बसची वाट पाहत उभ्या असलेल्या एका मास्तरले बोलावून वाचून घेतलं. त्यानं सांगितलं की फॉरमॅट बरोबर नाही म्हणते, अन् बस आली म्हणून तो पळाला.

पेनड्राइव्ह काढून सुधाकरच्या कम्प्युटरले लावला. तिथं पुन्हा पाटी आली. तिच्यात तोच शब्द असंल असं मी अक्षरं जुळवून ताडलं, कारण मास्तरानं बोट ठेवून दाखवला होता. खाली दोन बटणं होती. नाईक म्हणाला थांब, सुधाकरले येऊ दे. मी म्हणालो, "टीव्ही म्हणते फॉरमॅट नाही. हे मशीन विचारते फॉरमॅट मारू का. मग अडलं कुठं? मार फॉरमॅट."

अन् मारला.

सुधाकर आला, पाहिलं, अन् डोक्याले हात लावून खुर्चीवर बसला. म्हणाला, "काकाजी, फॉरमॅट मारणं म्हणजे पुसणं. सगळं साफ झालं."

नाईकानं विचार केला अन् विचारलं, "मग टीव्ही काय म्हणत होती? पुसणं बरोबर नाही?"

डीव्हीडी कुठं आहे म्हणून घरी विचारलं, तर सुमित्रानं ती वानरं हाकलायले वाडीत टांगली होती. उन्हानं तिचा वर्ख उडाला होता.

* * *

आता राहिली होती मूळ कॅसेट. पेटीत, डांबराच्या गोळ्यांत. आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी. सुधाकरनं स्क्रू खोलले अन् माझ्याच वावरातल्या कापसानं हातभर-हातभर करत सगळी पट्टी पुसली. आठ दिवस लागले. जुना व्हीसीआर कुठून तरी पैदा केला, अन् कॅसेट भरून घेतली ती टीव्हीले चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये, पेनड्राइव्हवर. भरत असताना आम्ही त्याले भिंतीकडं तोंड करून बसवलं. आमच्या आधी कोणी पाहायचं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी दुकान भरलं. तांड्यावरचे आले, माझ्या गावचे आले, चहावाला किटली घेऊन आत आला. पहिल्यांदा लावलं तर चित्र एवढं फुगलं की बैलांची तोंडंच स्क्रीनच्या बाहेर गेली. मी ओरडलो की तोंड तर पाहायचं आहे, ढुंगण काय पाहू? सुधाकरनं बटण दाबलं. दोन्ही बाजूले काळ्या पट्ट्या आल्या अन् बैलांची तोंडं जागेवर आली.

झेंडी पडली. चारही बैल पळाले. लाइन गेली नाही, चौकोन झाले नाहीत. पोपट माझा, किती देखणा पळत होता! दोरीजवळ सुधाकरनं चित्र थांबवलं.

लाखनचं शिंग दोरीच्या पलीकडं होतं. पोपटाचं तोंड दोरीच्या अलीकडं. चांगला वीतभर फरक.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शिंग तिथंच होतं.

करार म्हणजे करार. मी बाकड्यावरून उठलो, घसा साफ केला. "नाईक," म्हणालो, "तुझी जो..."

नाईकानं माझा हात धरून मले खाली बसवलं. टीव्हीतल्या चार बैलांकडं थोडा वेळ पाहिलं. मग मान वळवली.

"सुधाकर," तो म्हणाला, "मार फॉरमॅट."