जांबोटीला गेलेलं शिंग

आमच्या डॉक्टरांचा मला लई राग यायचा. मानूस देवमानूस, पन हट्टी. बेळगावात, शहापुरात दवाखाना घातला, पाटीवर लिवलं 'फक्त कानाचे विकार', आनि बसले वाट बघत. आता मला सांगा, नुसत्या कानापायी डॉक्टरकडं कोन येतंय? कान ठनकला तर लसूण कडवलेलं तेल हाय, खाजला तर बाजारात कान कोरनारा हाय. कुनी तापानं फनफनत आला तर ह्ये म्हननार, "ताप शेजारच्या डॉक्टरांकडे. इथे फक्त कान." शेजारी बसायला जागा नसायची, नि आमच्या बाकड्यावर मांजर निजायचं.

डॉक्टरांचं नाव रघुवीर, मुंबईला शिकून आलेले. मी मनुबाई. मालक गेल्यावर पोटासाठी त्यांच्याकडं लागले. काम एवढंच, आलेल्या बाईचा पदर कानापुरता मागं सारायचा, बुगड्या-कुड्या काढून वाटीत ठेवायच्या. परक्या पुरुषापुढं पदर कोन सारनार? म्हनून मी.

कपाटात एक काळं पत्र्याचं शिंग हुतं. निमुळतं टोक कानात घालायचं नि रुंद तोंडाशी दुसऱ्यानं बोलायचं. कमी ऐकनाऱ्याला त्यातनं ऐकू यायचं. पाच वर्सांत ते कुनी नेलं न्हाय. बहिरेपन घरातल्या घरात झाकतंय, शिंग लावलं की गावभर होतंय! "डॉक्टर, वरात काढू काय?" म्हनून लोक हसायचे. डॉक्टर लालबुंद व्हायचे. शिंग रोज पुसायला मात्र मलाच सांगायचे.

ही गोष्ट मोठी लढाई लागायच्या आदल्या सालची. जांबोटीची बाळाबाई आली, कान फुटलेला, पू वाहतोय. संगं लेक भरमू, सून राजाबाई, नि सुनंच्या कडेवर तीन वर्सांचं पोरगं.

डॉक्टर कान धूत हुते तरी बाळाबाईचं तोंड चालूच. "ही आमची सून. आली तवा लई गुनाची, वर तोंड करून बोलायची न्हाय. आता मुजोर झालीया. हाक मारली तर वळत न्हाय. सासरा पानी मागतोय नि ही ढिम्म! भरमूला सांगितलंय, सुधारली न्हाय तर हिला गुंजीला माहेरी सोडून ये. पोरगं आमचं, ते आमच्यापाशी ऱ्हाईल."

ते ऐकून माझ्या हातातली लोखंडी ताटली निसटली, फरशीवर खणखणाट झाला. मांजर पळालं, बाकड्यावर बसवलेलं पोरगं दचकून रडलं. राजाबाई भिंतीकडं तोंड करून उभी हुती. ती जाग्यावरनं हालली न्हाय. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

तिला नि पोराला पडद्यामागं नेलं, तिचा पदर सारला. बया माझ्या तोंडाकडं टक लावून बघालती! तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हळू इचारलं तर तिनंच सांगितलं, बाळंतपनापासनं तिचे कान जात चाललेले. बरोबरीच्या बायकांच्या ओठांवरनं तिला सगळं कळायचं. पन सासू-सासऱ्याम्होरं मान खाली घालून उभं ऱ्हायचं, त्यांच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. मग बिचारीला कळायचं कसं? ज्याला सासू आदी गुन म्हनत हुती तेच आता मुजोरी झालतं.

तिनं माझे पाय धरले. "आक्का, सांगू नगासा. मुजोर म्हनून मारत्यात, ते मी सोसते. बहिरी कळलं तर पोराला मुकते मी."

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन शब्दानं शब्द सांगितला. "हो, हो," म्हनले. कसलं हो! ध्यान सगळं हातातल्या पोलादी चिमट्यात, आपटला की घुमतोय त्यो. चिमटा गुडघ्यावर आपटून तिच्या कानासमोर धरला. काय न्हाय. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आनि राजाबाईचे डोळे एवढाले झाले.

"वाजतंय!" म्हनली.

डॉक्टर धावले, शिंग आनलं, तिच्या कानाला लावलं, नि पोराला उचलून रुंद तोंडाशी धरलं. "बोल रे, बोल." पोरगं भेदरून म्हनलं, "आऽऽये."

तीन वर्सांचं पोर, त्याचा एक शब्द आईनं ऐकला नव्हता. तिनं शिंग दोन्ही हातांनी धरलं. "परत," म्हनली. "परत म्हन माझ्या बाळा." मी डोळं पुसालते, तेवढ्यात आमच्या शहाण्यानं पडदा सारला.

"बाळाबाई! तुमची सून मुजोर नाही हो, तिला ऐकूच येत नाही!"

त्यांना वाटलं सासू आता नारळ फोडील. बाळाबाई कानात कापूस तसाच घेऊन उठली. "मुजोर असती तर सरळ केली असती. बहिरीचं काय करू? उद्या पोरगं हिरीत पडलं तर हिला कळंल का?" गुंजीवाल्यांनी फसवून पोरगी दिली म्हनून त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. भरमूनं पोराला खांद्यावर टाकलं. शिंग राजाबाईच्या कानालाच हुतं. बाजाराच्या कोपऱ्यापतोर पोराचं रडनं तिला ऐकू गेलं.

शिंग बाकड्यावर ठेवून ती भावाकडं गुंजीला गेली. मी डॉक्टरांना सोडलं न्हाय. "तुमचं ग्यान चुलीत घाला!"

"मनुबाई, मी खरंच बोललो ना?"

"खरं बोलला. पन कुनाला इचारून बोलला?"

त्यांनी त्या दिवशी जेवन केलं न्हाय. मीबी आग्रह केला न्हाय.

आठ दिवसांनी राजाबाई एकटी दारात. "शिंग द्या. आता समद्यास्नी कळलंच हाय, मग लाजू कशाला?" शिंग घेतलं नि गेली नीट जांबोटीला. सासरच्या दारासमोर झाडाखाली बसली, शिंग कानाला लावून. रानात जानारं येनारं थांबून बघायचं. पोरं शिंगात वरडायची, ती त्यांना उत्तर द्यायची. तिच्या नणंदेला बघायला पावने येनार हुते. चौथ्या दिवशी बाळाबाई दारात आली. "आदी ते झाक," म्हनली, "आनि घरात ये."

म्हैन्यानं बाळाबाईचा कान परत फुटला. सुनंला घेऊन आली. बोलनं तेच. "आता शिंग न्हाय बाई आमच्या घरात, लोक काय म्हनतील?" डॉक्टरांच्या मानंची शीर फुगली. तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, मिटलं. मग राजाबाईसमोर जाऊन, तिला ओठ दिसतील असं हळू इचारलं, "बोलू?"

तिनं मान हालवली. नगं. डॉक्टर मुकाट्यानं सासूचा कान धूत बसले.

मला राहवलं न्हाय. तिला पडद्यामागं ओढलं. "अगं, शिंग कुठं टाकलंस?"

"भाताच्या कनगीत." इकडं तिकडं बघून ती हसली. "आत्या-मामंजी रानात गेली की काढते."

"आनि काय करतीस?"

"पोराला म्हनते, बोल."