दोन जागांची जीप आणि मधला नारळ

आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तोवर मी माझ्या बायकोच्या शेजारी एकदाच बसलो होतो. तेही लग्नात, पाटावर, आणि तेव्हाही मध्ये भटजींचा हात होता.

रोहिणखेडकडच्या आमच्या गावात तेव्हा रीतच तशी होती. नवं महाराष्ट्र राज्य झालेलं होतं, पण आमच्या घरात राज्य आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं होतं. त्यांच्यासमोर नवरा-बायकोनं शेजारी बसायचं नाही. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी नाही. मध्ये निरोप्या लागे, आणि तो निरोप्या मी!

"तिले सांग, ताक पातळ झालं," आबा म्हणायचे.

कमल तिथेच, चुलीपाशी उभी असायची. मी मान वळवून तिला सांगायचो, "ताक पातळ झालं."

"मामाजीले सांगा, म्हैस आटून राह्यली."

मी पुन्हा मान वळवायचो. जेवणभर माझी मान अशी फिरे की घास तोंडाऐवजी कानात जायचा!

अशात खामगावच्या एका व्यापाऱ्याकडे लष्करानं मोडीत काढलेली जीप आल्याचं कळलं. मी बघायला गेलो आणि तिथंच खिळलो. हिरवी, बुटकी, ना छप्पर ना दारं, मागची बाकं कुणीतरी उपटून नेलेली. पुढं फक्त दोन जागा. शेजारी शेजारी! मला लगेच त्यातल्या एका जागेवर मी आणि दुसरीवर कमल दिसायला लागली. पदर वाऱ्यावर, समोर डोंगर, आणि निरोप सांगायला कुणीही नाही.

आबांना अर्थात मी वेगळं कारण सांगितलं. डोंगरावर आमचं एक वावर होतं. तिथं जायची वाट अशी की बैलगाडीसुद्धा नाल्यापाशी हात जोडायची.

आबा व्यापाऱ्याच्या आवारात आले. त्यांनी जीपभोवती फेरी मारली, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे डोंगर चढंल काय बे?"

"दादा, हिनं लढाई पाह्यली हाय! तुमचा डोंगर काय चीज हाय?" म्हणत व्यापारी आत बसला आणि आवारातल्या मुरमाच्या ढिगावर त्यानं जीप सरळ चढवली. वर गेली, टोकावर डुलली, पलीकडे उतरली. आबांचं तोंड उघडंच राहिलं. खरं सांगतो, माझंही. 

"चारही चाकं ओढतात हिची," व्यापारी म्हणाला.

"म्हंजे चार बैल," आबा हळूच म्हणाले, "अन् कडब्याची पेंडी नाई लागत!" सौदा झाला.

आता पूजा. नवं वाहन आधी डोंगरावरच्या मारुतीला न्यायचं आणि तिथं नारळ फोडायचा असं ठरलं. माय म्हणाली, पूजा जोडप्यानंच करायची. मला उकळ्या फुटल्या! पण आबा म्हणाले, गाडी माझ्या नावावर, नारळ माझ्या हातात, मी पुढं बसणार. जागा दोन. एक चालवणाऱ्याची, म्हणजे माझी. (कॉलेजात असताना मी मास्तरांचा ट्रॅक्टर दोनदा चालवला होता. दुसऱ्यांदा तर थांबवलाही होता.) दुसरी आबांची. कमलसाठी मायनं मागच्या उघड्या पत्र्यावर सरकीचं पोतं टाकलं. ती माझ्याकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून, डोक्यावरून पदर घेऊन त्यावर बसली.

शिवाय आबांनी हुकूम काढला, "पूजा झाल्याबिगर गाडीले कोनी पाय लावाचा नाई! देव हाये तो. चालवनाऱ्याले माफ. बाकी कोनाचाच नाई." मी पाय धुऊन, जीपला नमस्कार करून अनवाणी बसलो. आबा मांडी घालून बसले. मांडीवर नारळ.

निघालो. गावातली कुत्री, कोंबड्या आणि दोन-तीन म्हातारे दूरपर्यंत मागं आले. पळसाची झाडं बाजूनं सरकत होती, दगडावरून जीप उड्या मारत होती आणि आबा प्रत्येक उडीला "अरे बाप्पा!" म्हणत होते. ज्या चढावर आमचे बैल गुडघे टेकायचे, तो तिनं बोलता बोलता काढला.

नाल्यात मात्र वाळूत रुतली. चाकं गरगर फिरायची, जीप जागची हलेना. कुणीतरी ढकलायला हवं आणि कुणीतरी स्टेअरिंग धरायला हवं.

"आबा, तुम्ही धरता?"

"मी? अन् नारळ कोनं धरावा? खाली ठेवता येत नाई तो."

राहिली कमल. सासऱ्याच्या शेजारी बसायचं म्हटल्यावर तिचा चेहरा नारळाच्या शेंडीसारखा झाला, पण इलाज नव्हता. ती अंग चोरून माझ्या जागेवर बसली, पाय तिनंही वर घेतले. मी गिअर टाकून ठेवला. पुढं हातानं ओढायची एक कळ असते, ती ओढली की पाय न लावता इंजिनाला जोर येतो. ती ओढली. "तू फक्त चाक धर. बाकी कशाला हात लावू नको," असं म्हणून मागं गेलो आणि जीव खाऊन ढकललं.

जीप वाळूतून सुटली. मी तोंडावर पडलो. डोकं वर केलं तेव्हा ती पलीकडची दरड चढून डोंगराच्या वाटेला लागली होती, माझ्याशिवाय!

मी उठून पळत सुटलो. ती बैलाच्या चालीपेक्षा जरा जास्त वेगानं जात होती आणि मी तिच्यापेक्षा जरा कमी वेगानं. आबांचा आवाज मात्र साफ ऐकू येत होता. सुनेशी बोलायचं नाही, आणि निरोप्या मागं वाळूत! आबांनी मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं.

"नारळा! तिले सांग, गाडी थांबव म्हना!"

कमलनं समोरची नजर न काढता उत्तर दिलं, "नारळा, मामाजीले इचार, थांबवाची कशी?"

"तिला ब्रेक दाबायला सांगा, आबा! तिच्या पायाखाली आहे!" मी मागून ओरडलो.

"नारळा, पोरगा म्हन्ते पायाखाली ब्रेक हाये! सांग तिले!"

"नारळा, मामाजीले सांग, पाय लावाचा नाई असा त्याहिचाच हुकूम हाये. माफ चालवनाऱ्याले, मी त नुसतं चाक धरलं हाये. पूजा नाई झाली अजून!"

 हुकूम आबांचा, मोडायचा तर त्यांनीच, आणि नारळाच्या तोंडून मोडलेला हुकूम कमल मानेना! वाट वळली, कमलनं चाक वळवलं. दगड आला, तिनं टाळला. मी धापा टाकत बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, इतक्या ऐटीत गाडी मी कधीच हाकली नव्हती. मग चढ संपला आणि समोर मारुतीचा ओटा आला. त्याच्यापुढं कडा.

"कमल!" आबा ओरडले. "पोरी, दाब! माह्यी आन हाये तुले, दोन्ही पायांनी दाब!"

तिनं दोन्ही पायांनी दाबला. जीपनं एक उचकी दिली, इंजिन बंद पडलं, आणि पुढचा पत्रा ओट्यापासून हातभर अंतरावर थांबला.

मी पोचलो तेव्हा दोघंही तशीच बसली होती. खाली सगळा मुलूख उघडा पडला होता. मोताळ्याकडची कपाशीची वावरं, त्यापलीकडे नांदुऱ्याचा सपाट पट्टा आणि पार टोकाला रेल्वेच्या धुराची एक बारीक रेघ. जन्मभर इथं राहिलेल्या आबांनी नेहमी वाटेकडे बघतच डोंगर चढला होता, वर येऊन एवढे निवांत ते कधी बसले नव्हते. कमलच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"केवढं हाये वं हे," आबा म्हणाले. नारळाला नाही, तिला.

"हाव, मामाजी," ती म्हणाली.

नारळ फोडायला आबा तयार होईनात. "यानं आज लय काम केलं," म्हणाले. शेवटी मारुतीपुढं गूळ ठेवला आणि नारळ परत आला.

त्या दिवसानंतर आबांना दुसऱ्या कुणी चालवलेली जीप पटेना. कमलला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चार दिवसांत उरकलं, आणि पुढं कितीतरी वर्षं दर आठवड्याला जीप डोंगरावरच्या वावरात जात राहिली. पुढच्या दोन जागांवर दोघं शेजारी शेजारी, अखंड गप्पा मारत, सून आणि सासरा. मागं सरकीच्या पोत्यावर, गावाकडे तोंड करून, मी. नारळ माझ्या मांडीवर असे.

दोघांना मला काही सांगायचं असलं की ती त्यालाच सांगत!