अक्काच्या मशीनचे चार सेल

सौदीहून पहिल्यांदा रजेवर यायला निघालो तेव्हा माझ्या खिशात दोन पानांची यादी होती. भावकीतल्या प्रत्येकाला रेडिओ-टेपचा टू-इन-वन पाहिजे होता, वहिनीला नायलॉनच्या साड्या, मेहुण्याला अंधारात चमकणारं घड्याळ. अरे, मी दम्मामला वायरमन होतो, तिथं माझं काय दुकान होतं का? यादी उघडली की माझं डोकं सणकायचं. ऐंशी सालानंतरचे ते दिवस होते. आखातातून माणूस येणार म्हटलं की आमच्या औराद तालुक्यात अख्खी गल्ली बसस्टँडवर यायची. माणसाला बघायला न्हाई, बॅगा बघायला.

त्या यादीत अक्काचं नाव नव्हतं. माझी ही थोरली बहीण. तोवर तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. आमच्या बौद्धवाड्यातून मॅट्रिक झालेली पहिली बाई, ठाणाकुशनूरच्या पुढं असलेल्या आमच्याच गावातल्या मराठी शाळेत मास्तरीण. दहा वर्षांपूर्वी टायफॉइड झाला, कसली कसली इंजेक्शनं झाली, आणि त्यात तिचे कान गेले. मग उदगीरहून ऐकायचं मशीन आणलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, पोलक्याला आतून शिवलेल्या खिशात ठेवायची, तिच्यातून वायर कानातल्या बटणापर्यंत. त्या डबीला एक पेन्सिल सेल लागायचा.

तो सेल म्हणजे घरातलं एक दुखणंच होतं. चांगला सेल बिदर नाहीतर उदगीरला मिळायचा. गावच्या दुकानात मिळायचा तो आधीच अर्धा मेलेला. म्हणून अक्का मशीन बंदच ठेवायची. पोरांनी धडा वाचायला घेतला की चालू, वाचून झालं की बंद. घरी तर चालू करायचीच न्हाई. आम्ही तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचो, त्याची आम्हाला सवयही झाली होती. आता विचार केला की लाज वाटते.

तर त्या वर्षी अक्काचं वेगळं पत्र आलं. चार ओळींचं. ‘पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल तिकडं मिळतात असं ऐकलंय. मिळाले तर आण. न मिळाले तरी चालेल. गावातून कुणीतरी अर्ज केलाय की बहिरी बाई शाळेत नको. दिवाळीनंतर साहेब तपासायला येणार आहेत.’ अर्ज बहिरेपणाचा होता, पण खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या वाड्यातली बाई त्यांच्या पोरांना पाढे शिकवते, हे काहींच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं. पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्काची नोकरी गेली तर ती घरात बसून मरून जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दम्मामच्या बाजारातल्या ज्या दुकानात मी गेलो तिथं काउंटरवर एक म्हातारा हैदराबादी होता. मी बिदरकडचा म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. ‘बीदर तो अपना घर है मियाँ!’ मी घाईत होतो. चार सेल आणि समोर दिसला तो चार्जर उचलला, म्हटलं बांध.

तो बांधेना. ‘उधर करंट कित्ता है तुम्हारा?’

‘दोसोतीस.’

‘तो ये नक्को. ये एकसोदस का है. पहिलेच दिन धुआँ!’

अहो, मी वायरमन! दिवसभर त्या एकशेदहाच्या विजेत हात घालणारा मी, आणि बहिणीसाठी चार्जर घेताना हे माझ्या ध्यानात येऊ नये? मी तो चार्जर परत ठेवला. त्यानं मागच्या खोलीतली सगळी खोकी खाली काढली आणि दोन्हीकडं चालणारा, पाठीवर खटका असलेला चार्जर शोधून काढला. तेवढ्यावर थांबला असता तर तो म्हातारा कसला! म्हणाला, उद्या या, सेल भरून ठेवतो, तपासून देतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यातला एक त्याला पसंत पडला नव्हता, तो बदलून दुसरा भरायला लावला होता. म्हणाला, कल आओ. चार सेलांसाठी तीन फेऱ्या! मी वैतागून काहीबाही बोललो. त्यानं शांतपणे विचारलं, ‘किसके वास्ते है?’ मी बहिणीच्या कानाचं सांगितलं. ‘फिर तो मेरेकू गडबड नक्को बोलो,’ एवढंच म्हणाला. शेवटी सेल हातात देताना त्यानं एक गोष्ट दोनदा बजावली. सेल पुरता संपू द्यायचा, मगच भरायचा. अर्धवट भरला की तो आळशी होतो. असा विकणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

घरी आलो. टू-इन-वनच्या भोवती सगळी भावकी जमली. अक्का कोपऱ्यात चार्जर हातात घेऊन बसली होती आणि मी सांगितलेलं वहीत लिहून घेत होती. लाल दिवा, चौदा तास, पुरता संपल्यावरच भरायचा. वाटेत सेल पुरते उतरले होते आणि करंट सारखा जायचा, त्यामुळं चौदा तासांना दोन दिवस लागले. मग तिनं पहिला सेल घातला आणि मशीन चालू केलं. बंद केलंच न्हाई. दिवसभर घरात फिरत होती. वहिनी चुलीपाशी पुटपुटली, अक्का खोलीतून म्हणाली, ‘मीठ मी घातलंय.’ वहिनीची पाचावर धारण बसली! दहा वर्षं बिनधास्त पुटपुटायची सवय, ती एका दिवसात मोडली.

साहेब यायला चार दिवस राहिले आणि गावचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. सगळीकडं अंधार. तोवर तीन सेल वापरून पुरते संपले होते, एकच भरलेला शिल्लक होता. अक्कानं त्याला दोरा बांधून तो साहेबासाठी राखला. घरी विसरायला नको म्हणून चारही सेल शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवले आणि चार दिवस पुन्हा बहिरी होऊन राहिली.

आता आमच्याकडच्या शाळांची एक रीत सांगायला हवी. गावातले संपलेले सेल पोरं शाळेत आणायची. ते दगडानं फोडायचे, आतलं काळं काढायचं, त्यात कोळसा आणि भोपळ्याच्या पानांचा रस घालायचा आणि फळा काळा करायचा. सरकारी रंगाची वाट बघत बसलं असतं तर फळ्यावर एक अक्षर दिसलं नसतं. साहेब येणार म्हणून त्या दिवशी चौथीतल्या पोरी सकाळीच येऊन फळ्याला लागल्या होत्या. काळं कमी पडलं. बाईंच्या खणात चार सेल दिसले. मशीनमध्ये न्हाईत म्हणजे संपलेलेच!

मी अक्काबरोबर शाळेत पोचलो तेव्हा एक काटकुळी पोरगी पायरीवर बसून सेलवर दगड घालायली होती. आम्हाला बघून ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘बाई, ह्याच्यात काळं न्हाईच की! फुटंना बी!’

साधा सेल जस्ताचा, चटकन फुटतो. हा पोलादाचा. पण टोपण चेपलं होतं आणि कडेनं पांढरं पाणी झिरपत होतं. बाकीचे तीन बाजूला तसेच पडले होते, रिकामे. नेमका दोरा बांधलेला, भरलेलाच हिच्या हाती लागला होता. मी असा ओरडलो की पोरी भिंतीला चिकटल्या. ‘अक्कल हाय का न्हाई? बाईची नोकरी फोडायलीस तू!’

अक्काला ऐकू काहीच आलं नाही, पण माझं तोंड बघून तिला सगळं कळलं. तिनं आधी पोरीचा हात हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. ‘लागलं का? ते पाणी धू आधी.’ मग माझ्याकडं वळली. ‘तू कामून वरडायलास? फळा कुणी करायला सांगितला? मीच ना?’

मी दुकानाकडं पळालो. टॉर्चचे जाडे सेल होते, पेन्सिलचे संपले होते. घामाघूम होऊन परत आलो तर शाळेपुढं जीप उभी. बघतो तर अक्का कानात ते बटण घालून, खिशात रिकामी डबी ठेवून वर्गात उभी! मी खिडकीला धरून उभा राहिलो.

साहेब भालकीकडचे, कन्नड वळणाचं मराठी बोलणारे. मिशा अशा दाट की ओठच दिसू नयेत. अक्का ओठांवरून बरंच ओळखायची, पण इथं तेही गेलं. त्यात साहेब जाऊन वर्गाच्या मागं उभे राहिले.

‘मांजरा नदी कुठल्या नदीला मिळते?’

तीच काटकुळी पोरगी उठली. अक्काकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘मांजरा नदी कुठल्या नदीला मिळते? मांजरा नदी गोदावरीला मिळते.’ अक्कानं मान हलवली, ‘गोदावरी कुठं उगम पावते, पुढचा सांगेल,’ म्हणाली. पुढचा उठला. त्यानं आधी प्रश्न म्हटला, मग उत्तर. मग तिसरा. सगळा वर्ग तसाच. सरळ उभं राहायचं, बाईकडं बघायचं, तोंड नीट उघडायचं, प्रश्न पुन्हा म्हणायचा, मग उत्तर द्यायचं. ही त्या दिवसाची युक्ती नव्हती. दहा वर्षं सेल वाचवता वाचवता तिनं बसवलेली ही वर्गाची रीत होती, आणि सौदीला जाण्याआधी तिच्याच घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

साहेबांनी मागूनच विचारलं, ‘बाई, आज हजेरी किती?’

अक्का फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत होती. तोवर ती पोरगी पुढं जाऊन अक्काच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडं बघून म्हणाली, ‘आजची हजेरी किती? पटावर एकतीस, हजर अठ्ठावीस.’

साहेब थोडा वेळ अक्काच्या कानातल्या वायरीकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं की न्हाई, मला आजही सांगता येणार नाही. ते पुढं आले, अक्काच्या समोर उभे राहिले, मिशा बोटांनी बाजूला केल्या आणि सावकाश म्हणाले, ‘बाईंना ऐकू येत नाही म्हणून अर्ज आहे. ह्या वर्गात तर प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू येते. अशी उत्तरं मी तालुक्यात ऐकलेली नाहीत.’ तेवढंच त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं आणि गेले. माझा जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं डीपी आला, तिन्ही सेल भरले. मी अक्काला विचारलं, कागदावर लिहून, कारण मशीन अजून बंद होतं. ‘तुझं मशीनवाचून अडत नव्हतं. मग सेल कामून मागितलेस?’

‘शिकवायला न्हाई रे मागितले,’ ती म्हणाली. ‘चल, दाखवते.’

मधल्या सुट्टीची वेळ होती. अक्का शाळेच्या पायरीवर बसली आणि मशीन चालू केलं. मैदानात पोरांचा नुसता गोंधळ, भांडणं, शिव्या, लगोरी. त्यात काही कामाचं ऐकण्यासारखं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग एकदम माझा हात धरला.

‘हे खिदळायलंय ते कोण?’

मी बघितलं. सेल फोडणारी ती काटकुळी पोरगी होती. मी बोटानं दाखवलं.

‘चार वर्सं माझ्या वर्गात हाय,’ अक्का म्हणाली. ‘तिचं उत्तर लाख पोरांत ओळखीन मी. हसते कशी ते म्हाईत नव्हतं.’

सुट्टी संपल्याची घंटा वाजवायला निघालेल्या पोराला अक्कानं हात करून थांबवलं आणि म्हणाली, ‘राहू दे जरा. अजून पाच मिनिटं खेळू दे त्यांना.’