भिंतीकडे तोंड केलेला दगड

ती घटना मी विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक दगड होता. त्या दगडापायी एका बापाचा मुलगा दुसऱ्यांदा मरणार होता, आणि आम्ही पोलीस मात्र भूत शोधत बसलो होतो.

माझं शिक्षण फार नाही. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. तेव्हा नोकरीची शेवटची वर्षं होती, नेमणूक शहाद्याकडच्या एका पोलीस ठाण्यात. गावाबाहेर नवी कॉलनी झाली होती. शिक्षक, व्यापारी, बँकेतले, कारखान्यातून निवृत्त झालेले, असे लोक. त्यांनी विकास मंडळ काढलं आणि काम मनापासून केलं, खोटं कशाला बोलू. ओपन स्पेसवरच्या काटेरी बाभळी काढल्या, कडुनिंब लावले, बाकडी टाकली. चालायच्या वाटेला डोंगरातून ट्रॅक्टरभर दगड आणून लावले, त्यांना पांढरा रंग आणि गेरूची किनार दिली. 'झाडे लावा', 'थुंकू नका', 'फुले तोडू नका'. सगळ्यांत उंच, माणसाच्या छातीला लागेल असा दगड गेटजवळच्या फुलांच्या वाफ्यात उभा केला. त्याची एक बाजू गुळगुळीत होती. तिच्यावर लिहिलं, 'आपले स्वागत आहे'. खडबडीत बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे केली.

मे महिन्यात मंडळाचे अध्यक्ष ठाण्यात आले. कापसाचे व्यापारी, पन्नाशीचा गडी, आवाज मोठा. पण त्या दिवशी खुर्चीवर नीट बसेना.

"साहेब, आमच्या कॉलनीत कोणी तरी करणी करी ऱ्हायनं."

"काय झालं ते सांगा. करणी आहे की काय ते मी बघतो."

"दगड फिरतो."

ठाणे अंमलदार हसला. मी नाही हसलो. माणूस घाबरला की त्याच्या हातांकडे बघावं. यांचे हात मांडीखाली दाबलेले होते.

गोष्ट अशी होती. मधूनमधून तो स्वागताचा दगड उलटा झालेला सापडायचा. अक्षरं भिंतीकडे, खडबडीत बाजू रस्त्याकडे. समोर सागाच्या पानावर भाकर, कांदा, मीठ. मातीत दारू सांडलेली, मोहाची, वास ओळखू येणारा. आणि दगडाच्या माथ्यावर एक बिडी. पूर्ण जळालेली, पण राख न सांडता जागच्या जागी. जसं कोणी तोंडात धरून शांतपणे ओढली असावी.

"आम्ही रात्री पहारा देतो. गडी जागतात, काठ्या घेऊन फिरतात. कोणी येत नाही. सकाळी दगड जागेवर असतो. संध्याकाळी बायका फिरायला निघाल्या की किंचाळतात."

"कॅमेरा?"

"बसवलाय. पण दुपारची लाईट जाते ना."

नगरपालिकेची सुंदर कॉलनीची स्पर्धा होती, समिती दोन-तीन दिवसांत पाहणीला येणार होती. लोकांनी ठरवलं होतं की दगड घणानं फोडायचा आणि तुकडे गोमाई नदीत टाकायचे. मी म्हणालो, मला जरा बघू द्या, मग फोडा.

जाऊन पाहिलं. खडबडीत बाजूवर रंगाखाली काहीतरी खोदलेलं होतं. बोट फिरवलं तर घोडा लागला, घोड्यावर माणूस, हातात तलवार की काठी, कळेना. रंगानं त्याचे डोळे बुजले होते.

खबर दिली ती कूलरचं गवत बदलणाऱ्या चाचांनी. गावातलं जुनं मुसलमान घर, वडिलांपासून पत्र्याचं काम. उन्हाळ्यात दारोदार फिरतात. ठाण्यातला कूलर दुरुस्त करता करता म्हणाले, "साब, एक बात बोलूं? वो कॉलनी रातको जागती है. दोपहरको तो पूरा कब्रस्तान. तुम्हारा भूत धूप में आता होगा."

बरोबर होतं. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा गटाराबाहेर तोंड काढत नाही. रात्री पहारा देणारे दुपारी मेल्यासारखे झोपणार. चोर नेहमी वेळ निवडत नाही, लोकांची झोप निवडतो.

बाजाराच्या दिवशी, डोंगरातले लोक खाली येतात तेव्हा, मी साध्या कपड्यांत कडुनिंबाखाली जाऊन बसलो. लाईट गेली. एकाच वेळी सगळ्या घरांचे कूलर बंद पडले, आणि जी शांतता झाली तिनं माझ्या कानात दडे बसले. अंधाराची भीती माणसाला ठाऊक असते. लख्ख उन्हात, सगळं दिसत असताना, सगळी दारं लावलेली असताना जी भीती वाटते तिला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. झोपाळ्याची साखळी आपोआप हलत होती. वारा होता म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

मग गेटमधून एक म्हातारा आत आला. डोंगरातला. डोक्याला फडकं, खांद्यावर पिशवी, अनवाणी. जमीन तव्यासारखी होती, पण तो सावकाश चालत होता. दगडाजवळ उकिडवा बसला. पिशवीतल्या बाटलीचं पाणी बुडाशी ओतलं, माती सैल केली, आणि दगडाला दोन्ही हातांनी कवेत धरून हळूहळू फिरवलं. झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवावं तसं. भाकर मांडली. बिडी पेटवून वर ठेवली. आणि बोलायला लागला.

मी देवापुढे बोलणारी माणसं खूप पाहिली आहेत. ती एकटी बोलतात. हा बोलायचा, थांबायचा, मान हलवायचा, मग उत्तर द्यायचा. मध्येच एकदा हसला. दगडानं काही गंमत सांगितली असावी तसा.

त्याला उठवलं तेव्हा त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. फक्त बिडीकडे बोट दाखवलं. संपू दे. मी थांबलो. का थांबलो ते सांगता येत नाही.

ठाण्यात नेईपर्यंत बातमी पसरली. दारात गर्दी. "आमच्या हवाली करा, बोलतं करतो त्याला." लोकांच्या हाती दिला असता तर अंधारापर्यंत माझ्याकडे खरंच खुनाची केस आली असती. म्हणून त्याला आतल्या बाकावर बसवून ठेवलं. आमच्याकडे धडगावची एक महिला शिपाई होती, घरी त्याच डोंगरातली पावरी बोली बोलणारी. तिला समोर बसवलं.

"बाबा, तिथं काय करत होता?"

"पोराला जेवू घालत होतो."

"पोर कुठं आहे?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वेडा असल्यासारखं. ती पोरगी भाषांतर करता करता अडली. मग हळू म्हणाली, "साहेब, तो म्हणतो, तुम्हीच उभा केलाय त्याला. भिंतीकडे तोंड करून."

चौकशीत आवाज चढवायची गरज पडली नाही. पोरगा ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. तिथंच आजारी पडून मेला, तिथंच जाळला. बापाच्या हाती काही आलं नाही. तोरणमाळच्या अलीकडे एका पाड्यावर, शिवारात, त्याच्या नावाचा दगड बसवला. घोड्यावर बसवला, कारण जिवंतपणी कधी बसला नव्हता. सगे जमले, जेवण झालं, तेव्हा कुठं पोरगा घरी आला. पुढच्या दिवाळीनंतर अख्खा पाडा नेहमीसारखा तोडीला गेला. घरांना कुडाची दारं लावून. मागं राहिली ती दोन-चार म्हातारी माणसं, तीही वरच्या पाड्यावर. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, गाव उठून गेलंय, हे दगड बेवारस. होळीला लोक परतले तर जागेवर खड्डा.

पुढे चारोळी विकायला खाली बाजारात आला असताना गेटवर त्याला आपला पोरगा दिसला. पांढरा रंगवलेला. दगड कुठल्या बाजूनंही बापाला ओळखू येतो, असं म्हणाला.

"मागितला का नाही?" मी विचारलं.

"मागितला. गेटवरूनच हाकललं."

"मग फिरवायचा कशाला?"

"त्याला डोंगर दिसत नाही तिथून. घाबरतो."

मी अध्यक्षांना बोलावून सगळं सांगितलं. ते ऐकेनात. "साहेब, हाई समदं नाटक शे. चोरी पकडली की प्रत्येकाचा पोरगा मेलेला असतो. आज तुमच्या शब्दाखातर थांबतो. उद्या चार वाजता दगड फुटणार."

म्हाताऱ्याला हे त्या पोरीनं सांगितलं. तो रडला नाही. तिला म्हणाला, फोडणार असाल तर आधी मला सांगा, मी त्याला बाहेर बोलावून घेतो. ती उठून मागच्या नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धुत राहिली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा सकाळपासून आमच्या बाकावर. माझ्या डोळ्यांसमोर. दुपार टळली आणि अध्यक्षांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"साहेब, तो तुमच्याकडेच शे ना?"

"समोर बसलाय."

"मग दगड कोणी फिरवला?"

गेलो तेव्हा सगळी कॉलनी रस्त्यावर, पण गेटपासून लांब. काल मंडळाच्या गड्यांनी सरळ केलेला दगड पुन्हा फिरलेला. घोडेस्वार डोंगराकडे बघत होता. समोर स्टीलच्या ताटलीत वरण, भात, लिंबाची फोड. घणवाल्यानं घण खाली ठेवला होता, म्हणत होता, मी हात लावत नाही, माझी पोरं लहान आहेत. खोटं बोलणार नाही, मीही आधी जरा लांबच थांबलो.

पण भूत ताटलीत लिंबाची फोड ठेवत नाही. मी खाली बसून माती पाहिली. चिखल झाला होता, नुसता लोण्यासारखा. बाटलीभर पाण्याचं ते काम नव्हतं. लाईट नव्हती, बागेच्या नळाला दुपारी पाणी नसतं. वाफ्यातून एक ओली रेघ निघाली होती, रस्ता ओलांडून समोरच्या बंगल्याच्या फाटकात शिरत होती. पाइप ओढत नेल्याची. आत टाकीच्या नळाला पाइप लावलेला, अजून ठिबकत होता.

बंगला अध्यक्षांचाच होता.

ओट्यावर त्यांची आई बसली होती. पाऊणशे वयाची, नऊवारी, पदर ओला. पायांना चिखल. तिनं लपवलाही नव्हता.

"आजी, हे कोणी केलं?"

"मी करं. आखो कोन करी?"

अध्यक्ष मागून धावत आले. "माय! तू? तुले याड लागनं का?"

"तुले लागनं," म्हातारी म्हणाली. "लाईट गई का मी खिडकीमा बठस. तो मानूस येस, पोऱ्याशी बोलस, जास. कोनले तरास शे? आज त्याले यास्नी बठाडी ठेवं. मंग ते पोरगं भिताडकडे तोंड करीसन कितलं उभं ऱ्हाई? भूक्या?"

"माय, दगड शे तो!"

"आनि आपला घरमा भितडावर काय शे? तुन्हा बापना फोटो. कागद शे ना तो? रोज सकायले त्याले हार घालस, चहा दाखाडस. फोडी टाक त्याले बी. आन घन."

अध्यक्षांनी आईच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर जाऊन घणवाल्याला म्हणाले, "तू घर जाय भाऊ." आणि फोन काढून स्वतःच पिकअप मागवली.

गुन्हा कोणावर दाखल झाला नाही. ट्रॅक्टरवाल्यावर तक्रार द्यायला म्हातारा तयार नव्हता. म्हणाला, त्याला माहीत नव्हतं. मी स्टेशन डायरीत मालमत्ता मालकाला परत केल्याची नोंद घेतली. मालमत्ता हा शब्द लिहिताना पेन अडलं, पण दुसरा शब्द मला येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दगड गाडीत आडवा टाकायला म्हाताऱ्यानं नकार दिला. पोत्यांच्या आधारानं बसता केला आणि त्याला धरून तो मागं बसला. ती शिपाई पोरगीही मागंच. घाट लागला आणि पहिल्या वळणाला म्हाताऱ्यानं हाक मारली. मुलाचं नाव घेतलं, मी ते इथं लिहीत नाही. पुढच्या वळणाला पुन्हा. नाल्यावर पुन्हा. मी मागच्या काचेतून विचारलं, काय चाललंय? पोरगी म्हणाली, "वाट सांगतात. इथं वळायचं, इथं पाणी आहे, जपून. रस्ता नवा झालाय ना, तो चुकेल."

एका वळणावर त्यानं दोनदा हाक मारली. मग केबिनवर थाप मारून गाडी थांबवायला लावली.

"काय झालं?"

"मागं राहिला म्हणतात."

आम्ही थांबलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दरीतून वारा वर येत होता, सागाची पानं वाजत होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. म्हातारा आलेल्या वाटेकडे बघत होता. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याला काय दिसलं, काही दिसलं की नाही, ते मी विचारलं नाही. जरा वेळानं म्हाताऱ्यानं पुन्हा थाप मारली. आला. चला.

पाड्यावर दगड त्याच खड्ड्यात बसला. मी टोपी काढली आणि खाली आलो.

नोकरीत मी शिकलो की माणूस खोटं का बोलतो. पैसा, बाई, जमीन, भीती, एवढीच कारणं असतात. पण खरं सांगायला माणूस का घाबरतो हे मला त्या म्हाताऱ्यानं शिकवलं. ऐकणारे हसतील म्हणून. आपण ज्याला करणी म्हणतो, जादूटोणा म्हणतो, त्यातलं निम्मं नुसतं दुःख असतं, उघड करायला जागा न मिळालेलं. पोलिसानं लबाडी जरूर पकडावी. पण समोरचा लबाड नसेल तर बिडी संपेपर्यंत थांबावं.

आमची मंडळी मागच्या वर्षी गेली. सुरतेच्या दवाखान्यात. पहाटे गेली, सकाळी अ‍ॅम्ब्युलन्समधून आणली. मुलगा म्हणाला, पुढं बसा. मी मागं बसलो, तिच्याजवळ. ती त्या रस्त्यानं आयुष्यात एकदाच गेली होती, आणि तेही बेशुद्धीत. व्यारा आलं तसं मी तिला सांगितलं. सोनगड आलं, सांगितलं. नवापूर आलं, म्हटलं, आता आपला जिल्हा लागला बरं का. विसरवाडीच्या पुढे ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं.

"काका, कोणाशी बोलताय?"

"गाडी हळू घे," मी म्हणालो. "वळण आहे."