शांताबाई बसली की गाडी बंद

शीळफाट्याच्या अलीकडच्या त्या गावात शांताबाईइतकी चाललेली बाई दुसरी नसेल. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर मिठाची पाटी घेऊन खाडीच्या बांधावरून चालली, भाताचे भारे घेऊन चालली. पुढे मिठागरं बुजली, शेतांवर टॉवर उभे राहिले, घरात पैसा आला, तरी बाई बाजाराला पायीच. नवरा गोविंदा मात्र हौशी गडी. त्याने एक जुनीच पण पांढरीशुभ्र गाडी घेतली आणि बायकोला मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसवलं. बाईने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि ऐसपैस मांडी ठोकली.

"पाय खाली सोड की," गोविंदा म्हणाला.

"पाय लोंबकळत ठेवायला मी काय झाडावर बसलेय?"

विषय संपला. ती खिडकी तिची आणि ती मांडीही तिची.

गोविंदा गेला, आणि त्यानंतर गाडीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. चांगली धावता धावता मध्येच गप्प. ना आवाज, ना धूर. सगळे खाली उतरायचे, बॉनेट उघडून बघायचे, आणि पुन्हा सेल्फ मारला की पहिल्या झटक्याला चालू! मुलगा महेंद्र ह्या गॅरेजातून त्या गॅरेजात फिरला. कोणी बॅटरी बदलली, कोणी प्लग बदलले, कोणी सगळे फ्यूज उपटून पुन्हा बसवले. गॅरेजात गेली की गाडी अशी शहाण्यासारखी वागायची की महेंद्रच खोटा पडायचा. विकून टाक म्हणावं, तर बापाची गाडी. तो ऐकेना.

मग शोध लावला सखुबाईने. सखुबाई म्हणजे शांताबाईची थोरली जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "शांते, राग मानू नको गो," ती एकदा भर ओटीवर म्हणाली, "पन तू बसलीस का गाडी थांबते. आनि तू उतरलीस का चालू होते. बघ, आठवून बघ."

आठवून बघायची गरजच नव्हती. खरंच होतं ते. आधीच कपाळ रिकामं, त्यात गाडीनेही साक्ष दिली. एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारी शांताबाई त्या दिवसापासून गाडीकडे फिरकेना. लग्नकार्याला कोणी न्यायला आलं की म्हणायची, "तुम्ही पुढं व्हा, मी येते मागून." आणि जायचीच नाही. मेली ती गाडी! माणसाचं मन असं आतून पोखरायचं काम तिने वाळवीसारखं बिनआवाजी केलं.

अशात निशा बाळंतपणाला माहेरी आली. खडवलीला दिलेली ही एकुलती लेक, आणि पहिलीच खेप. हॉस्पिटल कल्याणला. एवढी वाट, मध्ये शीळफाट्याचं ट्रॅफिक. सगळं ठरल्यावर शांताबाईने भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "तुझ्यासोबत तुझी काकी जाईल. मी नाय येत."

"आये, पहिलं बाळंतपण आणि तू नसणार?" निशाचे डोळे भरले. "गाडीचीच भीती ना? मग रिक्षाने जाऊ."

"आनि रिक्षा बंद पडली तर?"

आईला गाडीची नाही, स्वतःचीच भीती वाटते, हे निशाला तेव्हा समजलं. तिने सरळ भावाला गाठलं. "दादा, तारीख जवळ आलीये. कसंही कर, पण गाडीला काय झालंय ते शोध. मला आई पाहिजे सोबत."

महेंद्रने डोंबिवलीला धनेशकडे गाडी टाकली. हा धनेश फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने ती भरपूर फिरवली, एकट्याने, खड्ड्यातून, चढावर. कुठे म्हणून अडली नाही. "अरे, बरी आहे की," तो म्हणाला. "बंद पडते तेव्हा गाडीत कोण कोण असतं?"

महेंद्रने मान खाली घातली आणि शेवटी सांगून टाकलं. धनेश हसला नाही. "मग त्यांना घेऊन ये. त्यांच्याशिवाय मी फॉल्ट पकडू कसा?"

घरी हे ऐकून शांताबाई भडकली. "आता परक्या मानसांपुढं पन तमाशा?" मग थोड्या वेळाने आपणच उठली आणि लुगडं बदलून आली. "चल. काय ते एकदा डोल्यांदेखत होऊन जाव दे."

धनेश गाडी चालवायला बसला, महेंद्र त्याच्या शेजारी. शांताबाईने डाव्या खिडकीशी मांडी घातली, पदर घट्ट लपेटला आणि डोळे मिटले. गॅरेजच्या मागचा रस्ता खोदलेला होता. दोन-तीन गचके बसले, आणि गाडी गप्प.

"सांगितलं व्हतं मी," शांताबाई पुटपुटली.

"पडली बंद! झकास!" धनेश अक्षरशः ओरडला. ह्या मेल्याला आनंद कसला झालाय, असं म्हणून तिने डोळे वटारले. "मावशी, अजिबात हलू नका हां!" त्याने डिकी उघडली, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या वायरीला टेस्टरचा बल्ब लावला. बल्ब विझलेला, म्हणजे पंपाला करंटच नव्हता. "आता उतरा." ती उतरली आणि बल्ब भक्कन पेटला.

शांताबाईला तो बल्ब म्हणजे पंचांनी दिलेला निवाडाच वाटला. ती रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

"महेंद्र, आता तू बस. मावशी बसतात तस्साच. पाय वर घेऊन."

आता महेंद्र म्हणजे सुटलेलं पोट, त्यात तंग जीन्स. एक पाय वर येतो तर दुसरा घसरतो. शेवटी अरे देवा, आई गं, करत त्याने कशीबशी मांडी जुळवली आणि धपकन मागे टेकला.

बल्ब विझला.

"मावशी, इकडे बघा! हा बसला तरी बल्ब विझतोय!"

शांताबाई वळली. "उतर," ती महेंद्रला म्हणाली. बल्ब पेटला. "बस." विझला. "परत उतर." बिचाऱ्याला तिने इतक्या उठाबशा काढायला लावल्या की त्याला घाम फुटला.

मग धनेशने सीटच उचलली. खाली पेट्रोलच्या पंपाला जाणारी वायर होती, आणि सीटच्या लोखंडी सांगाड्याची कड बरोब्बर तिच्यावर येत होती. चेपून चेपून आतली तार तुटली होती, वरचं कव्हर तेवढं कसंबसं शाबूत. पाय खाली सोडून बसलं तर भार पुढे पडतो. मांडी घातली की सगळा भार मागे, नेमका त्या वायरीवर. त्यात खड्डा आला की तुटकी टोकं सुटायची. माणूस उतरला की पुन्हा टेकायची.

शांताबाईने वाकून त्या वायरीला बोट लावलं. "एवढीशी?" ती म्हणाली. "म्हंजे मी नाय?"

"तुम्ही कशाला असाल, मावशी?"

तिथेच, त्या उकरलेल्या रस्त्यावर, ती मोठमोठ्याने रडली. नंतर तोंड पुसलं आणि मेल्या वायरीला अशा काही शिव्या घातल्या की नवीन वायर त्या कडेपासून लांबून ओढता ओढता धनेशचे कान लाल झाले.

निशाच्या कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. कोणी सांगायच्या आधीच शांताबाई डाव्या खिडकीशी जाऊन बसली होती. शीळफाट्यावर ही गर्दी. आणि तिथे अचानक इंजिनाचा आवाज थांबला. शांताबाईने लेकीचा हात आवळून धरला.

"मीच बंद केली, आये," महेंद्र पुढून म्हणाला. "किती वेळ उभे आहोत, पेट्रोल जळतंय फुकट."

त्याच्या पाठीत असा धपाटा बसला की कळा सोसणारी निशाही हसली. सेल्फ मारला, गाडी चालू झाली, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत कुठे अडली नाही. संध्याकाळी मुलगी झाली.

बाळ-बाळंतिणीला घरी आणताना सखुबाईही हौसेने गाडीत बसली होती. शांताबाईने सवयीने पाय वर घेतले तशी ती कुजबुजली, "शांते, पाय खाली सोड गो. लहान पोर हाय गाडीत, उगाच कशाला..."

शांताबाईचे पाय क्षणभर थबकले. निशाने बाळ उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"काकी, पाय खाली सोडले तर माझी पोर निजेल कुठं?"

सखुबाई खिडकीबाहेर बघायला लागली. महेंद्रने गाडी काढली. गावाच्या तोंडाशी खड्डे होते, सगळे गचके बसले. पोर आजीच्या मांडीवर झोपून राहिली, आणि गाडी चालत राहिली.