क्लाराची एकच बॅग

परदेशी विद्यार्थ्यांच्या कोर्सची इथली समन्वयक म्हणून काम घेतलं, तेव्हा वाटलं होतं रिपोर्ट लिहून हात दुखतील. रिपोर्ट दोन-चार पानांत आटोपले. किस्से मात्र इतके साचलेत, की बोईसरला आमच्याकडे कोणी चहाला आलं की नवरा आधीच सांगतो, "निवांत बसा, हिची क्लारा सुरू होतेय."

कोर्स होता पर्यावरण जपत जगण्याचा. क्लारा डेन्मार्कची, गोड पण हट्टी पोरगी. एडवणला हिरूबाई नावाच्या कोळणीकडे तिची राहायची सोय केली होती. तिचा प्रोजेक्ट असा, की इथे असेपर्यंत एकही नवी वस्तू घ्यायची नाही. विकत नाही आणि भेट म्हणूनही नाही. आणलेल्या एका बॅगेनिशी परत जायचं. शेवटी तिचे सर डेन्मार्कहून येऊन बॅग तपासणार. रुमाल जरी जास्त निघाला तरी वर्ष वाया!

मी तिला म्हटलं, "बाई, हे हिमालयात जाऊन कर. कोळीवाड्यात नाही जमायचं."

•

पहिल्याच दिवशी चुणूक मिळाली. प्रदूषण नको म्हणून सफाळे स्टेशनवरून एसटीनेच जायचं, असं कोर्सच्या सगळ्या पोरांनी ठरवलं होतं. इकडे गावाने पाहुण्यांसाठी दोन टेम्पो आणि रिक्षा पाठवलेल्या. पोरं काही ऐकेनात, एसटीत चढली. पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून टेम्पो आणि रिक्षा एडवणपर्यंत एसटीच्या मागे रिकाम्या आल्या. हॉर्न वाजवत!

•

बोईसरच्या टपरीवर क्लाराने कागदी कप नाकारून स्वतःचा स्टीलचा ग्लास पुढे केला. चहावाल्याने कौतुकाने मान डोलावली. मग कागदी कप काढला, त्यात चहा ओतला, तो चहा तिच्या ग्लासात ओतला आणि कप फेकून दिला.

क्लाराने विचारलं, हे काय? तो म्हणाला, "नाप के देना पडता है, मॅडम."

•

एकदा शेजारणीकडून कालवण आलं. क्लाराने पातेलं लख्ख घासून परत नेऊन दिलं, रिकामं. हिरूबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे त्यांनी तिला समजावलं.

ते तिला भलतंच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या डब्यातून शेजारी काहीबाही पोचवू लागली. डबा भरून परत येई, की हिची पुन्हा फेरी. हळूहळू सगळ्या आळीची भांडी फिरायला लागली. क्लारा मला आनंदाने म्हणाली, ही तर सर्क्युलर इकॉनॉमी! मी ते हिरूबाईंना मराठीत सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आसंल. पन माजी कढई कुनाकडं हाय, ते इचार तिला."

•

सुकत घातलेल्या बोंबलांवर लक्ष ठेवायला तिला बसवलं, तर ही कावळे हाकलेना. म्हणे, कावळेही इथले भागीदार आहेत, त्यांचाही वाटा हवा. हिरूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. मंग सांग त्यांना, उद्या जालं खेचायला पन या."

•

असे दिवस गेले आणि सर आले. क्लाराची बॅग ओट्यावर उघडली. आली तेव्हा होतं तेवढंच सामान. सरांनी हसून पास केलं, पण विमानतळापर्यंत नियम पाळायचा, असंही बजावलं.

खरी पंचाईत हिरूबाईंची होती. त्यांना तिन्ही मुलगेच. घरातून लेक म्हणून पाठवायची ही पहिलीच, आणि तीही रिकाम्या हाताने! मला म्हणाल्या, "माज्या दारातून पोर आशी नाय जायाची."

निघायच्या वेळी त्यांनी आतून पाट आणला आणि त्यावर सरांना उभं केलं. चांगला सहा फुटी, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यातला मफलर पुढे पसरायला लावला आणि त्यात तांदूळ, नारळ, खण घालून सरांची ओटी भरली! मागोमाग आळीतल्या बायका रांगेने आल्या. सुके बोंबील, जवळा, लोणचं. सरांनी केविलवाण्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिरूबाईंकडे पाहिलं.

"नेम पोरीचा हाय," त्या म्हणाल्या. "मास्तरचा नाय."

क्लारा हसता हसता रडायला लागली, आणि हिरूबाईसुद्धा.

गाडीत मी बॅगेवर सहज नजर टाकली. बाजूच्या कप्प्यातला तिचा डबा दिसेना. विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, विसरले.

परवा एडवणला गेले होते. डबा हिरूबाईंच्या फळीवर आहे, घासूनपुसून लख्ख. म्हटलं, द्या, मी कुरियरने पाठवते.

"रिकामा?" हिरूबाई म्हणाल्या. "तिला सांग, भरून ठेवते. येऊन ने."