केस ओढून पाहिलेली नळी

काल गंगापूर रोडच्या घरी पार्सल आलं. गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्या मी हौसेनं बांधतो, त्यासाठी मागवलेला नवा बॉबिन होल्डर. दोन तारांच्या चिमट्यात दोऱ्याचं रीळ आणि पुढे दोरा बाहेर काढणारी बारीक नळी. तिला मशीनच्या तेलाचा वास होता, आणि त्या वासानं मला थेट लग्नानंतरच्या दिवसांत नेलं.

तेव्हा आम्ही सायखेड्याला राहायचो. बायको, सुनंदा, माझ्याशी कामापुरतंच बोलायची. संध्याकाळी ती शिलाई मशीनवर आणि मी खिडकीपाशी माझ्या माश्यांत. माझा जुना होल्डर सारखा दोरा तोडायचा, म्हणून एका मित्रानं तीन नवे पाठवले होते. एक ठेवून बाकीचे परत करायचे होते. मी चकचकीत पितळी उचलला.

"थांबा," ती म्हणाली. वेणीतला एक लांब केस उपटून तिनं पितळी नळीत ओवला आणि मागेपुढे ओढला. तट्कन तुटला.

"कड धारदार आहे. दोरा कापणारच."

दुसऱ्यातही तुटला. तिसऱ्या, काळपट नळीतून मात्र केस अलगद सरकत राहिला.

"हा ठेवा. रोज सातआठदा दोरा तुटतो तुमचा, मग चिडता."

तेव्हा मी फक्त तिच्या युक्तीवर खूश झालो होतो. काल मी न मागताच तिनं पुढे केलेला पांढरा केस नव्या नळीत ओवताना लक्षात आलं, की खाली मान घालून शिवत बसणारी ती नवी नवरी रोज माझे तुटलेले दोरे मोजत होती.